मागच्या सीटवरची चँपियन

धारवालीला सायकल चालवता येत नव्हती. म्हणजे रस्त्यावर, तोल सांभाळून, समोरच्या बसला चुकवून वगैरे. एरवी वयाच्या तेराव्या वर्षापासून ती रोज पाच-सहा तास सायकल मारत होती, पण ती सायकल स्टँडवर ठोकून बसवलेली होती आणि तिला मागच्या चाकाऐवजी धार लावायचा दगड होता. तिच्या बाबांचं दुकान खाटिक गल्ली आणि शिंपी गल्ली जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर. सकाळी सत्तूर, दुपारी कात्र्या. बाबांचे गुडघे कुरकुरायला लागले तसं त्यांनी लेकीला सीटवर बसवलं आणि कामाची वाटणी करून टाकली: पाय तिचे, हात आपले.

त्या यंत्राला एक खोड होती. दगड फिरतोय तोवर पॅडल फिरणारच. पाय थांबवले तर दगडच पायांना ओढून नेई, आणि थांबायचं तर पायांनीच त्याला आवरून धरावं लागे. असं बारा वर्षं केलं की माणसाचं एकतर कंबरडं मोडतं, नाहीतर मांड्या होतात. धारवालीच्या मांड्या झाल्या. शिंपी गल्लीतला म्हातारा शिंपी तिचं माप दोनदा घ्यायचा, कारण पहिल्या खेपेला त्याचा टेपवर विश्वास बसत नसे.

तिचा नवरा तिला दुकानातच मिळाला. तो सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर मेकॅनिक होता. शर्यतीच्या सायकलींचे टायर रिमला सरसाने चिकटवतात, आणि टायर बदलताना तो वाळलेला सरस खरवडून काढावा लागतो. त्यासाठीची सुरी घेऊन तो पहिल्यांदा आला, मग आठवड्याने आला, मग दर दोन दिवसांनी यायला लागला. बाबांनी महिनाभर कळ काढली आणि एक दिवस सुरी त्याच्यासमोर धरून म्हणाले, "जावई व्हायचं असेल तर तोंडाने बोला. सुरीची पार काडी झालीय. पुढच्या वेळी नुसती मूठ घेऊन याल."

लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. शाळेत पी.टी. शिकवायच्या, वरच्या मजल्यावर राहायच्या आणि जेवायला खाली यायच्या. गळ्यात शिट्टी घरातसुद्धा. देशातल्या ट्रॅक सायकलिंगच्या स्पर्धेत त्या तीनदा दुसऱ्या आल्या होत्या. तीन वर्षं, तीन वेगळ्या बायका पहिल्या, आणि दुसऱ्या मात्र दर वेळी याच. घरात 'दुसरा' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. "दुसरी पोळी वाढू का?" असं धारवालीने पहिल्याच दिवशी विचारलं आणि ताटं जागच्या जागी थांबली. त्यांना 'वन्सं' म्हणणं तिने सुरू केलं ते घाबरून. पुढे तिच्या लक्षात आलं की असल्या जुनाट हाकेने त्यांची भुवई उडते, तेव्हा तिने ती हाक आवडीने चालू ठेवली.

वन्संना तेहेतिसावं लागलं आणि विशीतल्या पोरी त्यांना बाजूने ओलांडून जायला लागल्या. तेव्हा त्या टँडमकडे वळल्या. टँडम म्हणजे दोघींनी मारायची लांबलचक सायकल. त्यांना मागे बसायला तीन जोडीदारणी मिळाल्या आणि तिन्ही वर्षभरात पळाल्या. तिसरी जाताना कोचला म्हणाली, "सर, मी पॅडल मारायला तयार आहे. पण शर्यतीआधी चुळा किती भरायच्या हेसुद्धा त्या मोजतात."

"हिला बसवून बघ ना," नवरा जेवता जेवता म्हणाला.

"हिला?" वन्संनी भावजयीकडे बघितलं, शाळेत उशिरा आलेल्या मुलीकडे बघावं तसं. "हिला सायकल येत नाही."

"मागचीला यावी लागत नाही. मागचं हँडल हलतच नाही, ते नुसतं धरायला. पाय मारायचे की झालं."

"आणि वजन?"

"वजनाचं मी बघते, वन्सं," धारवाली म्हणाली. "तुम्ही पुढचं बघा."

दुसऱ्या दिवशी कोचने तिला जागच्या जागी फिरवायच्या सायकलवर बसवलं. ताकद दाखवणारा काटा सरकत सरकत शेवटच्या आकड्याला जाऊन टेकला. कोचने यंत्रावर टपली मारली. मग दुसऱ्या मुलीला बसवून बघितलं, काटा शहाण्यासारखा मध्यावर थांबला. परत धारवाली, परत काटा टोकाला, आणि ती तर तोवर नवऱ्याला विचारत होती की गॅस बंद केला होता ना.

"ही बाई होती कुठे इतकी वर्षं?" कोच म्हणाला.

"कोपऱ्यावर," नवरा म्हणाला.

ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने चौकशी केली तेव्हा टँडम पहिल्या वळणावर चढत होती. ते वळण म्हणजे घराचं उतरतं छप्पर उभं करून ठेवावं तसं. वेग कमी केला तर सायकल घसरणार, पाय थांबवले तर पॅडलच पायांना घेऊन जाणार, आणि समोर काय तर वन्संची पाठ. धारवालीने खाटिक गल्लीत बारा वर्षांत जे जे कानावर पडलं होतं ते सगळं एका फेरीत ओरडून घेतलं.

"झालं?" वन्संनी मान न वळवता विचारलं. "आता तोच दम पायात घाल."

तिने घातला. कोचने घड्याळ बघितलं, कानाशी धरलं, आणि चालू आहे याची खात्री झाल्यावर खुर्चीत बसला.

दोन वर्षं त्यांनी सराव केला. त्यांचं पटलं असं कुणी म्हणणार नाही. वन्सं म्हणायच्या, मागचीने डोकं वापरू नये, ते पुढे आहे. धारवाली म्हणायची, डोकं पुढे आहे म्हणूनच वारा लागून थंड झालंय. नवरा दोघींच्या मध्ये साखळीला तेल देत बसायचा आणि साखळीशिवाय कशावरच मत द्यायचा नाही. पण एक काम असं होतं जे मागचीवाचून होत नाही. या शर्यतीत दोन टँडम असतात. सुरुवातीच्या फेऱ्या चालायच्या वेगाने जातात, मांजरांसारख्या एकमेकींवर टपून. खरा खेळ शेवटी, अचानक सुटण्याचा. पुढे असलेल्या टँडमला मागच्या कधी झेपावतात ते कळायला हवं, आणि पुढे बसणारीने सारखं मागे वळून चालत नाही. ते मागची बघते. मागचीने "आल्या!" म्हटलं की पुढचीने विचार न करता सुटायचं. वन्संनी आयुष्यात कुणाचं न विचारता ऐकलं असेल तर एवढा एकच शब्द.

दुसऱ्या वर्षी त्या देशाच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोहोचल्या. समोर जुळ्या बहिणी. एकीने शिंकावं आणि दुसरीने नाक पुसावं अशा. तीनपैकी दोन शर्यती जिंकायच्या होत्या. पहिली जुळ्यांनी घेतली, दुसरी या दोघींनी. तिसरीला अर्धा तास अवकाश होता.

आणि धारवालीला गळू झालं होतं.

गळू जिथे झालं होतं ती जागा म्हणजे सायकलस्वाराच्या सगळ्या संसाराचा पाया. तीन दिवसांपूर्वी फोड उठला, आज तो लिंबाएवढा झाला होता. नवऱ्याला माहीत होतं. वन्संना सांगायची छाती झाली नाही, कारण त्यांनी आधी स्वच्छतेवर व्याख्यान दिलं असतं, मग नाव मागे घेतलं असतं, आणि मग उरलेला जन्म चौथ्यांदा दुसरं आल्याचं खापर त्या गळवावर, म्हणजे एकूण धारवालीवर, फोडलं असतं.

"शर्यतीत बसवतं ना?" नवऱ्याने कुजबुजत विचारलं.

"वेगात असलं की काही नाही. सीटवरून उठूनच पाय मारायचे असतात. हळू चाललं की मेले. सगळा भार तिथेच."

आणि तिसऱ्या शर्यतीत त्या कधी नव्हे इतक्या हळू चालल्या. जुळ्यांनी यांना पुढे घातलं आणि स्वतः दोन सायकलींचं अंतर ठेवून रेंगाळल्या. पहिली फेरी. वन्संची पाठ ताठ, शांत, एखाद्या योग्यासारखी. मागे धारवालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. दुसरी फेरी सुरू झाली. ट्रॅकच्या काँक्रीटला एक सांधा होता, त्यावरून चाक गेलं की ठप् असा हादरा बसायचा, आणि तो हादरा थेट लिंबावर. तिने मागे बघितलं. जुळ्या निवांत होत्या. पुढचीने मागचीला काहीतरी सांगितलं आणि मागची चक्क हसली. अजून दीड फेरी बाकी. सांधा परत समोर दिसायला लागला.

"आल्या!" धारवाली किंचाळली. "आल्या, आल्या!"

वन्सं सुटल्या. दीड फेरी आधी सुटणं हा शुद्ध वेडेपणा. इतक्या लांबून कुणी सुटत नाही. पण धारवाली एकदाची सीटवरून उठली होती आणि परत बसायचा तिचा जन्मात विचार नव्हता. कोच उडालाच. जुळ्यांना आधी वाटलं, यांची साखळी अडकली की काय. शंका फिटेपर्यंत पाच सायकलींचं अंतर पडलं होतं. त्या मागून अशा आल्या की दगडाला घाम फुटावा, पण रेषा आली तेव्हा अर्ध्या चाकाने मागे होत्या.

वन्सं जिंकल्या. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी तिथे मेडल घातलं. धारवालीही जिंकली आणि मेडल घ्यायला उभी राहिली. बसायला खुर्ची दिली ती तिने नम्रपणे नाकारली. वर्तमानपत्रात आलं की मागची स्वार विजयानंतर किती वेळ आनंदाश्रू ढाळत होती.

पुढच्या वर्षी त्या दुसऱ्या आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी वळणावर पडून वन्संचं गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि मग टँडमची शर्यतच स्पर्धेतून काढून टाकली. म्हणजे सोन्याचं मेडल ते एकच. धारवाली दुकानात परतली. बाबा गेले, तेव्हा पाय आणि हात दोन्ही तिचेच झाले. वन्सं शाळेत दर वर्षी क्रीडादिनाला भाषण करायच्या, आणि त्या भाषणात दर वर्षी दीड फेरी आधी सुटण्याचा तो क्षण यायचा.

सतरा वर्षांनी शाळेने स्मरणिका काढायचं ठरवलं आणि वन्संनी लेख लिहिला. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी तो भाऊ आणि भावजय यांना वाचून दाखवायला घेतला. धारवाली भाजी निवडत होती.

"'शास्त्र सांगत होतं, थांब,'" वन्सं वाचत होत्या. "'अनुभव सांगत होता, थांब. पण त्या निर्णायक क्षणी माझ्या अंतर्मनाने कौल दिला की...'"

"अंतर्मन नव्हतं ते," धारवाली म्हणाली. "गळू होतं."

हे बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. सतरा वर्षं पोटात राहिलेली गोष्ट भाजी निवडताना बाहेर पडली, इतकंच. नवरा उठून साखळीला तेल द्यायला गेला. घरात साखळी नव्हती.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं. कुठे, केवढं, कधीपासून. मग विचारलं, "म्हणजे त्या येत नव्हत्या?"

"हसत होत्या."

वन्संनी कागदाची घडी घातली आणि वर निघून गेल्या. त्या संध्याकाळी शिट्टी वाजली नाही. सोमवारी त्यांनी लेख मागे घेतला, आणि मंगळवारी अर्धी रजा टाकून, मेडल रुमालात बांधून सायकल संघटनेच्या कचेरीत गेल्या.

"परत करायचंय," त्या म्हणाल्या.

"मेडल?" कारकून म्हणाला. "हरवल्याचा अर्ज आहे आमच्याकडे."

"हरवलं नाही. माझं नाही. चुकीने मिळालं."

कारकुनाने आवाज खाली आणला. "औषधं वगैरे घेतली होती का, बाई?"

"नाही. गळू झालं होतं."

त्याने खणातून बंदी असलेल्या गोष्टींची यादी काढली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. "यात गळू नाही," तो म्हणाला आणि यादी परत खणात ठेवली.

मग वन्संनी जुळ्यांना फोन केला. थोरली आता ड्रायव्हिंग स्कूल चालवत होती, धाकटीचं चष्म्याचं दुकान होतं. थोरलीने सगळं ऐकलं.

"म्हणजे आम्ही झोपलो नव्हतो?" तिने विचारलं.

"नाही."

"अहो, सतरा वर्षं मी हिला म्हणतेय की तू मला बोलण्यात गुंतवलंस, आणि ही म्हणतेय की तू झोपलीस. दोन दिवाळखोर सावकार भांडावेत तसं भांडलो आम्ही." मग ती हसायला लागली आणि तिचं हसू फोनच्या बाहेर आलं.

"ती शर्यत परत करायची," वन्सं म्हणाल्या. "जी जोडी जिंकेल तिचं मेडल."

"तुमचं वय काय?"

"बावन्न."

"मग एकच शर्यत करू. तीन केल्या तर एखादी दगावायची."

रविवारी सकाळी चौघी ट्रॅकवर जमल्या. काँक्रीटच्या भेगांतून गवत आलं होतं. नवऱ्याने दोन जुन्या टँडम काढून चार टायर नव्याने चिकटवले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका मुद्द्यावर ठाम होता: सरस पुरा वाळल्याशिवाय कुणी बसायचं नाही. कोचला आता कमी ऐकू यायचं, तो घंटेपाशी खुर्ची टाकून बसला. जुन्या चड्ड्यांत चौघींपैकी कुणीही मावली नाही. धाकट्या जुळीचा गुडघा बदललेला होता, ती तो सगळ्यांना वाकवून दाखवत होती.

नाणं उडवलं. वन्सं पुढे.

"या वेळी खरं सांगायचं," वन्संनी मान न वळवता बजावलं.

"सांगेन."

पहिली फेरी हळू गेली. धारवालीच्या दृष्टीने ती गवतावर बसल्यासारखी सुखाची होती. तिने मागे बघितलं. "दोन सायकली मागे. शांत आहेत."

"आता?"

"शांत."

दुसरी फेरी. कोचने शेवटच्या फेरीची घंटा फेरीभर आधीच वाजवली, कुणी लक्ष दिलं नाही. खरी घंटा झाली आणि वरच्या वळणावर जुळ्यांनी मान खाली घातली. धारवालीला ते अगदी स्वच्छ दिसलं.

"आल्या," ती म्हणाली.

वन्सं सुटल्या नाहीत. क्षणभरच, पापणी लवायला लागतो तेवढाच, पण त्यांची पाठ विचार करताना दिसली. मग त्या सुटल्या. दोघींनी जीव तोडून पाय मारले, धारवालीच्या मांड्यांनी सतरा वर्षांचे सत्तूर आठवले, आणि रेषेवर जुळ्या अर्ध्या चाकाने पुढे गेल्या.

सायकल थांबायला अजून दोन फेऱ्या लागल्या, कारण ब्रेक तेव्हाही नव्हता.

"खरंच आल्या होत्या?" वन्संनी धापा टाकत विचारलं.

"खरंच."

"मग ओरडायचं ना, बाई! खोटं बोलताना काय खणखणीत आवाज होता तुझा. आणि खरं सांगताना पुटपुटतेस?"

वन्संनी रुमाल सोडून आपलं मेडल जुळ्यांपुढे धरलं. आता एवढा मोठेपणा केल्यावर समोरची माणसं नको नको म्हणतात, असा त्यांचा अंदाज असावा. थोरलीने मेडल घेतलं, उलटून बघितलं, गळ्यात घातलं आणि चहा पिताना काढलंसुद्धा नाही. जाताना घेऊनच गेली. वन्सं घरी आल्या. जिन्यात म्हणाल्या, "निर्लज्ज आहेत." मग दोन पायऱ्या चढून म्हणाल्या, "पण सुटल्या चांगल्या."

पुढच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, त्या दुकानात आल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. शाळेच्या हस्तकलेच्या सात कात्र्या पिशवीत होत्या. धारवालीने स्टूल पुढे केलं. वन्सं बसल्या, गल्ली बघितली, दगड फिरताना बघितला, त्यावरचे धारवालीचे पाय बघितले.

"खूप दुखत होतं का गं तेव्हा?" त्यांनी विचारलं.

दगड फिरत होता, म्हणून धारवालीला थांबता आलं नाही. "खूप."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगायला जागा कुठे ठेवता, वन्सं?"

वन्संची भुवई नेहमीसारखी उडाली. मग त्यांनी पिशवीतली दुसरी कात्री काढली, हातात धरून ठेवली, आणि पहिली होईपर्यंत वाट बघत बसल्या.